कॅमेरा रात्री आपोआप फिरतो, म्हणजे कुणी बघतंय का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. घरात दोन वायफाय कॅमेरे आहेत, एक हॉलमध्ये आणि एक आईच्या खोलीत. दिवसभर तुम्ही दोघं कामावर असता आणि आई मदतनीस ताईंसोबत घरी असते. एका पहाटे आईच्या खोलीतला कॅमेरा आपोआप गर्रकन फिरला आणि आई घाबरली. एकाने सांगितलं, हॅक झालाय, काढून टाका. दुसऱ्याने सांगितलं, पासवर्ड बदला की झालं. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, कुठल्या कंपनीचा कॅमेरा घेतला म्हणजे ही भीती राहणार नाही?

आधी आईची भीती. फिरणारा कॅमेरा आपोआप फिरण्याची बरीच साधी कारणं असतात. वीज जाऊन आली किंवा कॅमेरा रीस्टार्ट झाला, की तो आपली दिशा पुन्हा ठरवण्यासाठी एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे फिरतो. काही मॉडेल्स रात्री स्वतःच अपडेट घेतात आणि मग रीस्टार्ट होतात. हालचालीचा माग घेण्याची सोय चालू असेल, तर पडदा हलला तरी मान वळते. ठरावीक वेळाने खोलीभर फेरी मारायची सेटिंगही असते. शिवाय घरातल्याच कुणीतरी दुसऱ्या फोनवरून ॲप उघडून पाहिलेलं असू शकतं. त्यामुळे एकदा फिरला एवढ्यावरून हॅक झाला असं मी म्हणणार नाही.

पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्याला चोरून बघायचंय तो सहसा कॅमेरा फिरवत नाही. तो गप्प बघत बसतो. बऱ्याच कॅमेऱ्यांचा छोटा दिवा सेटिंगमधून बंद करता येतो, त्यामुळे दिवा लागला नाही यावरूनही काही सिद्ध होत नाही. खरी चिन्हं वेगळी असतात: ॲपच्या लॉगिन यादीत अनोळखी फोन दिसणं, तुमचा पासवर्ड अचानक न चालणं, सेटिंग तुम्ही न बदलता बदललेली असणं, स्पीकरमधून अनोळखी आवाज येणं, रेकॉर्डिंगमधले मधले तुकडे गायब असणं. यातलं एक जरी दिसलं, तर कॅमेऱ्याची विजेची पिन काढा आणि मग पुढचं वाचा.

कॅमेरे आणि घरगुती नेटवर्क बसवणं, तपासणं हेच माझं रोजचं काम. त्या अनुभवावरून सांगतो की ब्रँडचा प्रश्न तिसऱ्या नंबरवर येतो. पहिला प्रश्न, कॅमेरा काय बघतोय? दुसरा, ते चित्र बघण्याची परवानगी या क्षणी नेमकी कुणाकुणाकडे आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरमालकाला बहुतेक वेळा माहीत नसतं. तुम्हीही आज ते सांगू शकणार नाही असा माझा अंदाज आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो.

ही परवानगी बाहेर जायचे मार्ग मोजकेच आहेत. सगळ्यात वापरातला मार्ग म्हणजे तुमचाच पासवर्ड. एखाद्या भलत्याच वेबसाइटवरून लाखो ईमेल आणि पासवर्ड चोरीला जातात. चोर तीच जोडी सॉफ्टवेअरच्या मदतीने कॅमेऱ्याच्या ॲपवर लावून बघतो. तुम्ही दोन्हीकडे एकच पासवर्ड ठेवला असेल तर दार उघडतं. २०१९ मध्ये अमेरिकेत रिंग कंपनीच्या कॅमेऱ्यांबाबत हेच घडलं. एका घरात लहान मुलीच्या खोलीतल्या कॅमेऱ्यातून अनोळखी माणूस तिच्याशी बोलला. पुढे २०२० मध्ये कंपनीने सगळ्या ग्राहकांसाठी दुहेरी पडताळणी सक्तीची केली. म्हणजे पासवर्ड टाकल्यावर फोनवर येणारा कोडही द्यावा लागतो. तुमच्या ॲपमध्ये ही सोय असेल आणि बंद असेल, तर हे वाचून संपायच्या आधी चालू करा.

दुसरा मार्ग कारखान्यातूनच येणाऱ्या पासवर्डचा. जुन्या आणि स्वस्त कॅमेऱ्यांत, विशेषतः डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र), नाव ॲडमिन आणि पासवर्डही ॲडमिन किंवा १२३४५६ असायचा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने अशा साठेक जोड्यांची यादी घेऊन इंटरनेटभर कॅमेरे आणि डीव्हीआर धुंडाळले आणि लाखो उपकरणं ताब्यात घेतली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर अशाच ताब्यातल्या उपकरणांच्या फौजेने हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांना कित्येक तास उघडता येईनात. ज्यांच्या घरातले कॅमेरे यात वापरले गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा नेहमीसारखाच चालत होता. मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या मेमरीत राहायचा, त्यामुळे रीस्टार्ट केल्यावर तो पुसला जायचा. मात्र पासवर्ड तोच ठेवला, तर काही मिनिटांत पुन्हा लागण व्हायची. 'बंद करून चालू केला, आता ठीक आहे' असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं. युरोपात आणि अमेरिकेत यावर कायदे झाले. कॅलिफोर्नियात २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना एकच ठरलेला पासवर्ड देऊन माल विकता येत नाही. पण भिंतीवर आधीच लागलेले जुने कॅमेरे कायद्याने बदलत नाहीत.

तिसरा मार्ग राउटरमधून जातो आणि इथे मी लोकांना हमखास फसलेलं बघतो. घराबाहेरून चित्र दिसावं म्हणून बसवणारा माणूस राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, म्हणजे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत येणारं एक दार (पोर्ट) उघडून ठेवतो. किंवा कोणी काही करतही नाही, राउटरमधली यूपीएनपी नावाची आपोआप जोडणीची सोय चालू असते आणि कॅमेरा स्वतःच राउटरला सांगून बाहेरचं दार उघडून घेतो. आता तो कॅमेरा सरळ इंटरनेटवर उभा आहे. शोडॅनसारखी शोधयंत्रं २००९ पासून अशी उघडी उपकरणं शोधून त्यांची यादी ठेवतात. तुमचं नाव, पत्ता कुणाला माहीत असण्याची गरजच नाही. यंत्र सगळे आयपी पत्ते एकामागून एक तपासत जातं. 'आम्ही पोर्टचा नंबर बदललाय, नेहमीचा नाही ठेवला' असं मला अभिमानाने सांगितलं जातं. त्याने काही लपत नाही, सगळे पोर्ट तपासायला यंत्राला फार वेळ लागत नाही.

उघड्या कॅमेऱ्याला मजबूत पासवर्ड असला तरी धोका का राहतो, हेही समजून घ्या. २०२१ मध्ये हिकव्हिजन या कॅमेरा कंपनीच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये असा दोष सापडला, की नाव-पासवर्ड काहीही न देता बाहेरून पाठवलेली आज्ञा कॅमेरा निमूट पाळायचा. कंपनीने अपडेट दिलं, पण ज्यांनी ते घेतलंच नाही त्यांच्यासाठी लांबलचक पासवर्डचा काही उपयोग नव्हता. दार कुलूपबंद असणं वेगळं आणि दार रस्त्याकडे नसणंच वेगळं. माझा आग्रह कायम दुसऱ्याचा असतो.

चौथा मार्ग खुद्द कंपनीचा. ॲपवर चालणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र बहुधा कंपनीच्या सर्व्हरवरून तुमच्यापर्यंत येतं, त्यामुळे कंपनीच्या आत काय चालतं त्यावर तुमची खोली अवलंबून राहते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंगवर केलेल्या कारवाईत असा आरोप होता, की एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांच्या खासगी जागांमधली हजारो रेकॉर्डिंग पाहिली. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. २०२१ मध्ये व्हर्काडा या कंपनीचं एक वरिष्ठ ॲडमिन खातं हॅकर्सच्या हाती लागलं आणि त्यांनी रुग्णालयं, शाळा, तुरुंग अशा ठिकाणच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत पोहोचल्याचा दावा केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये वायझ या कॅमेरा कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना सेवा बंद पडून पुन्हा सुरू होताना दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यातली छायाचित्रं दिसली. ती कुणी हॅक केली नव्हती, तांत्रिक गोंधळ होता. अमुक कंपनी घ्या म्हणजे निर्धास्त, असं मी का सांगत नाही ते यावरून कळेल.

आणि पाचवा मार्ग, ज्याबद्दल बोलायला लोकांना संकोच वाटतो: ओळखीची माणसं. ज्याने कॅमेरा बसवला, ज्याच्या फोनवरून खातं उघडलं, पूर्वी घरात राहत होता पण आता राहत नाही असा कुणी. अमेरिकेत एडीटी या सुरक्षा कंपनीच्या एका तंत्रज्ञाने ग्राहकांच्या खात्यात गुपचूप आपला ईमेल घालून ठेवला होता. २०० हून अधिक घरांचं चित्र तो साडेचार वर्षं, एकूण ९,६०० पेक्षा जास्त वेळा बघत राहिला. २०२१ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. यात हॅकिंगचं कौशल्य शून्य आहे. कॅमेरा कोण कोण बघू शकतं त्याची यादी कुणीतरी उघडून पाहिली असती, तर पहिल्याच आठवड्यात पकडला गेला असता.

ही यादी उघडायला सांगतो तेव्हा काय होतं, ते मी अनेक घरांत पाहिलंय. ॲपमध्ये उपकरणाच्या सेटिंगमध्ये 'शेअर' किंवा 'कुटुंब सदस्य' नावाचं पान असतं. घरातली दोन-तीन नावं ओळखीची निघतात आणि त्याखाली एखादा फोन नंबर असतो जो कुणालाच आठवत नाही. मग आठवतं, बसवायला आलेल्या मुलाने 'चाचणीसाठी' आपला नंबर टाकला होता. त्याच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण त्याचा फोन हरवला, विकला गेला, तर तुमच्या आईची खोली त्याच्यासोबत जाते. म्हणून पहिलं काम हेच: ते पान उघडा, प्रत्येक नाव मोठ्याने वाचा आणि ज्याचं कारण सांगता येत नाही ते काढा. त्याशिवाय 'मुख्य मालक' म्हणून कुणाचं खातं आहे तेही बघा. ते बसवणाऱ्याच्या नावावर असेल, तर नावं काढून भागणार नाही. कॅमेरा त्या खात्यातून मोकळा करून घेऊन तुमच्या खात्यावर नव्याने जोडावा लागेल.

यानंतरची कामं कुठल्या क्रमाने करायची, कारण क्रम चुकला तर मेहनत वाया जाते. सुरुवात कॅमेऱ्यापासून नाही, ईमेलपासून करा. ॲपचा पासवर्ड विसरल्यावर नवा बनवायची लिंक ईमेलवर येते, म्हणून ईमेल ज्याच्या हातात, कॅमेरा त्याच्या हातात. ईमेलला वेगळा लांब पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी लावा. मग कॅमेऱ्याच्या ॲपचं तेच करा आणि 'सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय असेल तर तो दाबा. नाहीतर पासवर्ड बदलूनही आधीच आत असलेला फोन काही ॲपमध्ये आतच राहतो. पासवर्डमध्ये चिन्हांची कसरत करण्यापेक्षा लांबी वाढवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द पुरतात, फक्त ते दुसरीकडे कुठेही वापरलेले नसावेत.

तुमच्याकडे डीव्हीआर किंवा एनव्हीआर (नेटवर्कवरच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) असेल, तर एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. ॲपचा पासवर्ड आणि खुद्द यंत्राचा ॲडमिन पासवर्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक बदलल्याने दुसरा बदलत नाही. काही कॅमेऱ्यांत आरटीएसपी आणि ओएनव्हीआयएफ (दुसऱ्या यंत्राला किंवा सॉफ्टवेअरला कॅमेरा जोडायच्या पद्धती) यांचे पासवर्ड तर आणखी वेगळे असतात. लोक ॲपचा पासवर्ड बदलून निश्चिंत होतात आणि यंत्राच्या आत जुना १२३४५६ तसाच बसलेला असतो.

मग अपडेट. ॲपमध्ये फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट बघा. कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं कधीच बंद केलं असेल, तर तो कॅमेरा घराच्या आत ठेवू नका असं माझं मत आहे. यात मी तडजोड सुचवत नाही.

राउटरमध्ये चार गोष्टी बघा: राउटरचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (बटण किंवा छोटा कोड वापरून वायफायला जोडायची सोय) बंद करा, यूपीएनपी बंद करा आणि पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर जे काही लिहिलेलं असेल ते काढा. साध्या ॲपवाल्या कॅमेऱ्याला यातल्या कशाचीच गरज नसते, यूपीएनपी बंद केल्यावरही तो चालू राहतो. एखादा व्हिडिओ गेम तक्रार करू शकतो, त्याचं बघता येतं.

शक्य असेल तर कॅमेरे गेस्ट वायफायवर (राउटरमधलं पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क) टाका, म्हणजे कॅमेऱ्यात कुणी घुसलंच तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत आणि फोनपर्यंत त्याला सहज जाता येत नाही. हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. रेकॉर्डर आणि कॅमेरे एकमेकांना दिसलेच पाहिजेत आणि गेस्ट नेटवर्कवर बहुधा उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत. तुमचे दोन सुटे कॅमेरे मेमरी कार्डवर किंवा क्लाउडवर रेकॉर्ड करत असतील तर अडचण नाही. रेकॉर्डर असेल तर वेगळी मांडणी लागते. राउटर इंटरनेट कंपनीचा असेल आणि त्यात लॉगिनच देत नसतील, तर त्यांच्याकडून यूपीएनपी बंद करून मागा किंवा मागे स्वतःचा राउटर जोडा.

मी स्वतः शक्य तिथे कॅमेऱ्यांचं इंटरनेटच तोडतो. रेकॉर्डिंग घरातल्या यंत्रावर होतं आणि बाहेरून बघायचं असेल तेव्हा वायरगार्डसारख्या व्हीपीएनने (इंटरनेटवरून जाणारी खासगी, एन्क्रिप्टेड वाट) आधी घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, मग चित्र बघायचं. ही मांडणी मला सगळ्यात पटते, पण ती प्रत्येकासाठी नाही. बऱ्याच ठिकाणी इंटरनेट कंपनी अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते, तिथे हे सरळ चालत नाही. इंटरनेट तोडल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळही हळूहळू मागे-पुढे होतं, त्यामुळे वेळ घरातल्याच यंत्राकडून द्यावी लागते. नाहीतर गरजेच्या वेळी रेकॉर्डिंगवरची वेळ चुकीची निघते. घरात हे सांभाळणारं कुणी नसेल तर ॲपवाला कॅमेरा, दुहेरी पडताळणी आणि नियमित अपडेट हा पर्याय प्रामाणिकपणे चांगला आहे.

नवा घ्यायचा झालाच, तर जाहिरातीतली मेगापिक्सेलची संख्या सोडून तीन गोष्टी विचारा. या मॉडेलला सुरक्षा अपडेट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार? दुहेरी पडताळणी आहे का? आणि चित्र टोकापासून टोकापर्यंत एन्क्रिप्टेड राहतं का, म्हणजे ते कुलूपबंद राहून कंपनीलाही उघडता येत नाही ना? तिसरी सोय चालू केल्यावर माणूस ओळखणं किंवा ब्राउझरवरून बघणं अशा काही सुविधा जातात, आणि मला तो सौदा मान्य आहे. फक्त 'सगळं घरातच साठवतो' या वाक्यावर विसंबू नका. २०२२ मध्ये युफी या कॅमेरा ब्रँडच्या बाबतीत एका संशोधकाने दाखवलं, की अशी हमी असतानाही सूचनेसोबत येणारी लहान छायाचित्रं कंपनीच्या क्लाउडवर जात होती.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, जो तुम्ही विचारलाच नाही. आईच्या खोलीत कॅमेरा नेमका कशासाठी आहे? ती पडली तर कळावं म्हणून असेल, तर पलंग ते दार एवढा पट्टा दिसला की पुरे. ती जिथे कपडे बदलते ती जागा दिसायला नको. बऱ्याच ॲपमध्ये 'प्रायव्हसी मास्क' असतो, त्याने चित्राचा तेवढा भाग कायमचा काळा करता येतो. पण मान फिरणाऱ्या कॅमेऱ्यात तो मास्क दिशेबरोबर सरकला नाही तर उपयोग नाही, म्हणून अशा खोलीत मी न फिरणारा कॅमेराच लावतो. आवाजाची गरज नसेल तर मायक्रोफोन बंद करा. घरातली सगळ्यात खासगी गोष्ट बोलण्यात असते, चित्रात नाही. तुम्ही घरी असताना कॅमेरा बंद राहील असं वेळापत्रक लावा, किंवा लेन्सवर सरकतं झाकण असलेलं मॉडेल घ्या. झाकण बंद असताना हॅकरलाही काळोखच दिसतो. आणि आईला आणि ताईंना कॅमेरा कुठे आहे, काय दिसतं, कोण बघतं हे एकदा फोन हातात देऊन दाखवा. ज्यांचं चित्र आहे त्यांना ते आवडत नसेल, तर हाताला बांधायचं पडल्याची सूचना देणारं घड्याळ किंवा हाक मारायचं बटण हेही पर्याय आहेत. कितीतरी घरांत कॅमेऱ्यापेक्षा तेच जास्त उपयोगी पडलेले मी पाहिलेत.

जुना कॅमेरा कुणाला देणार किंवा टाकणार असाल, तर आधी ॲपमधून तो आपल्या खात्यातून काढा, मग बटण दाबून फॅक्टरी रीसेट करा आणि मेमरी कार्ड काढून घ्या. कार्डवरचं रेकॉर्डिंग बहुधा कुठल्याही संगणकात तसंच उघडतं.

आज रात्री तरी आईच्या खोलीतल्या कॅमेऱ्याची पिन काढून ठेवा. उद्या शेअरची यादी, ईमेल, पासवर्ड, अपडेट, राउटर या क्रमाने जा आणि लॉगिनचा इतिहास दिसत असेल तर त्या पहाटेची नोंद शोधा. नंतर मॉडेलचं नाव आणि राउटरच्या यूपीएनपी पानावर काय दिसलं ते लिहून कळवा, पुढचं मी सांगतो. कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या स्टिकरचा फोटो मात्र टाकू नका. त्यावरचा यूआयडी (कॅमेऱ्याचा स्वतःचा ओळख क्रमांक) किंवा क्यूआर कोड हाच बऱ्याच कॅमेऱ्यांचा इंटरनेटवरचा पत्ता असतो, आणि २०१९ मध्ये अशाच यूआयडीवर चालणाऱ्या एका यंत्रणेतल्या दोषामुळे वीस लाखांहून अधिक उपकरणं धोक्यात आल्याचं उघड झालं होतं.